सबची वायर पाच मिनिटांत लागते, डोकं खातं ते पुढचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट, बारा बाय पंधराचा हॉल, नवीन ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर चालवणारा आणि सबला सिग्नल देणारा डबा), पुढे ५ इंची वूफरवाले बुकशेल्फ स्पीकर आणि १० इंची ॲक्टिव्ह, म्हणजे आतच ॲम्प असलेला, सबवूफर (सब, फक्त खालचा बेस वाजवणारा). सबच्या मागे लेफ्ट, राइट आणि एलएफई अशी तीन भोकं, रिसीव्हरला सब आउट एकच, आणि दुकानदाराने जाताजाता एकाची दोन टोकं करणारी वाय केबल हातात टेकवली. पिक्चरमध्ये स्फोट झाला की सब धडाड करतो पण यूट्यूबवर गाणी लावली की मेल्यासारखा गप्प. वर सारखी बारीक घूंऽऽ चालू. खालचे काका दोनदा वर येऊन गेले. आणि शेवटी शेपूट, जुन्या होम थिएटरचा सब माळ्यावर पडलाय तो पण जोडता येईल का.

मी टेप आणि डेक रिपेअर करत या धंद्यात आलो, आता वीसेक वर्षं लोकांच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून वायरी खोचतोय. त्यामुळे तुमची तक्रार वाचूनच सांगतो, तुमचा सब चांगला आहे, वायरही चांगली आहे. पिक्चरमध्ये वाजतो ना, मग सिग्नल पोचतोय. खोट रिसीव्हरच्या मेनूत आहे.

ते असं. ५.१ मधला तो पॉइंट वन म्हणजे एलएफई, पिक्चरवाल्यांनी फक्त धमाक्यांसाठी ठेवलेला वेगळा चॅनेल, त्यात साधारण १२० हर्ट्झपर्यंतचाच आवाज भरतात. यूट्यूबचं गाणं बहुतेकदा असतं साधं स्टिरिओ, त्यात हा चॅनेलच नसतो. मग गाण्यातला बेस सबकडे जायचा कसा? तर रिसीव्हरने पुढच्या स्पीकरांचा खालचा आवाज कापून सबकडे वळवायचा, पण ते तो कधी करतो, तर स्पीकर 'स्मॉल' सांगितले असतील तेव्हाच. तुमचे फ्रंट 'लार्ज' वर आहेत, ९९ टक्के पैज. लार्ज म्हटलं की रिसीव्हर समजतो या दोघांना सगळा बेस झेपतो, तो सबकडे काही पाठवत नाही, आणि ते बिचारे ५ इंची वूफर खालचे सूर ओढत बसतात.

तेव्हा स्पीकर सेटअपमध्ये जा, मॅन्युअल, फ्रंट स्मॉल, सेंटर स्मॉल, सराउंड स्मॉल, सबवूफर येस. स्मॉल म्हणजे तुमच्या स्पीकरचा अपमान नाही हो, कितीतरी लोक त्यावरच अडतात, चाळीस हजारांचे टॉवर घेतलेत आणि स्मॉल कसं लिहू म्हणतात. तो फक्त "खालचं दुसऱ्याकडे दे" असा निरोप आहे. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे वळतो तो आकडा, ८० हर्ट्झ ठेवा, तुमच्या बुकशेल्फला बरोबर बसेल. अगदी मुठीएवढे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १२० किंवा १५० लागतं, पण मग सब कुठे ठेवलाय ते कानाला कळायला लागतं. ८० ला लाटेची लांबी चौदा फुटांच्या आसपास जाते, तिथे कानाला दिशा नीट पकडता येत नाही म्हणून तो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे.

आणि एक, मेनूत डेनॉन-मॅरान्झला 'एलएफई प्लस मेन', ओंक्योला 'डबल बेस', यामाहाला 'एक्स्ट्रा बेस' असा पर्याय दिसेल. नाव बघून हात शिवशिवतो. नका लावू. तोच बेस फ्रंटमधूनही आणि सबमधूनही येतो, दोन्ही कुठे एकमेकांत मिसळतात कुठे एकमेकांना खातात, आणि हॉल नुसता घुमतो. गाणी ऐकताना 'प्युअर डायरेक्ट' वर असाल तर तेही काढा, बऱ्याच मॉडेलमध्ये त्या मोडला सब बंदच होतो आणि माणूस वायर उपटत बसतो.

आता वायर. रिसीव्हर आणि सब दोन्ही भिंतीच्या बटणापासून बंद करा, रिमोटवरून नाही, चालू सबमध्ये आरसीए (मधे एक पिन असलेली ऑडिओची वायर) खोचली की असा दणका बसतो की सबचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, हलतो. एक साधी आरसीए टू आरसीए, रिसीव्हरच्या सब आउटमधून सबच्या एलएफई मध्ये. झालं. वाय केबल ड्रॉवरमध्ये टाका. लेफ्ट-राइट दोन्हींत घातली तर सिग्नल जरा मोठा होतो, साधारण सहा डेसिबलपर्यंत, वाईट काही होत नाही पण तुम्हाला एलएफईचं भोक दिलंय ना, मग कशाला. एलएफईमधून गेलं की सबचा स्वतःचा क्रॉसओव्हर बाजूला राहतो, कापायचं काम एकटा रिसीव्हर करतो. ज्यांच्या सबला एलएफई नाही त्यांनी लेफ्ट मध्ये खोचा (बहुतेकदा शेजारी मोनो लिहिलेलं असतं) आणि सबचा क्रॉसओव्हर नॉब शेवटपर्यंत उजवीकडे फिरवा. तो नॉब पण ८० ला आणि रिसीव्हर पण ८० ला असं ठेवलं की दोनदा कापलं जातं आणि मधला बेस गायब.

केबलवर फार पैसे घालू नका. शिल्ड चांगली हवी एवढंच. सब लांब असेल तर मी घरीच बनवतो, तांब्याची जाळी असलेली कोॲक्स घ्यायची आणि दोन्ही टोकांना आरसीए पिन डागायच्या. एमजी रोडवर वायर घेताना टोक सोलून जाळी बघून घ्या, डिशच्या वायरीला बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची जाळी असते, तिला डाग धरत नाही, धरल्यासारखं वाटतं आणि दोन महिन्यांनी सुटतं. आणि ही वायर लाइटच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून ओढू नका, कन्सील्डवाले हमखास हे करतात. पट्टी मारून वेगळी न्या, लाइटची वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

ज्यांचा सब पूर्ण मुका आहे त्यांच्यासाठी जुनी युक्ती. सबचा व्हॉल्यूम अगदी कमी ठेवा, केबल सबमध्ये खोचलेली राहू द्या, रिसीव्हरकडचं टोक काढा आणि त्याच्या मधल्या पिनला बोट लावा. भुर्रर्र असा आवाज आला की सब जिवंत, केबल जिवंत, भांडण रिसीव्हरशी. आवाज नाही आला तर केबल बदलून परत बोट. अर्धे कॉल मी फोनवर या बोटावर सोडवलेत, गाडी काढावी लागली नाही.

सबवरचे बाकी नॉब: व्हॉल्यूम निम्म्यावर, फेज (सबचा कोन फ्रंटबरोबर हलतो की उलटा, ते ठरवणारं बटण) शून्यावर, पॉवर 'ऑटो' ऐवजी सध्या 'ऑन'. मग रिसीव्हरचा माइक लावा, डेनॉनला ऑडिसी, यामाहाला वायपाओ, पायोनियरला एमसीएसीसी, नावं वेगळी, काम एकच, टूंऽऽप टूंऽऽप आवाज सोडून मोजतो. माइक सोफ्याच्या पाठीवर आडवा टाकू नका. ट्रायपॉड नसेल तर स्टूलवर डबे रचा पण तो कानाच्या उंचीला आणि मागच्या भिंतीपासून जरा सुटा हवा. पंखा बंद, एसी बंद. गेल्या पावसाळ्यात इंदिरानगरला एकांकडे मी माइक लावला, सगळ्यांना चूप बसवलं, चौथ्या स्पीकरपर्यंत सगळं सुरळीत, आणि नेमकी सबची पाळी आली तेव्हा आतून कुकरची शिट्टी. वहिनी म्हणाल्या दोनच राहिल्यात. रिसीव्हरने एरर दाखवली हे बरं झालं, कधीकधी तो शिट्टीसकट मोजून टाकतो आणि मग आपण आठवडाभर विचार करतो की असं का वाजतंय.

मोजून झालं की तीन गोष्टी बघायच्या. पहिली, स्मॉल-लार्ज परत तपासा, काही मॉडेल मोजल्यावर फ्रंट पुन्हा लार्ज करून ठेवतात. क्रॉसओव्हर त्याने ४० काढला असेल तर तुम्ही ८० करा, वर नेलेलं चालतं, त्याने काढल्यापेक्षा खाली नेऊ नका. दुसरी, सबचं अंतर. सब नऊ फुटांवर आणि मेनूत चौदा फूट दिसेल, लोक टेप घेऊन दुरुस्त करतात. करू नका. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो, तो उशीर रिसीव्हर फुटांत लिहितो. तिसरी आणि सगळ्यात कामाची, सबची ट्रिम, म्हणजे लेव्हल. उणे पाच ते अधिक पाचच्या आत असेल तर छान. उणे बारा आली म्हणजे त्याने हात टेकलेत, सबचा नॉब जास्त उघडा आहे, तो खाली करा आणि परत मोजा. यात आणखी एक गोम आहे, ट्रिम एवढी खाली गेली की रिसीव्हरमधून निघणारा सिग्नल इतका बारीक होतो की 'ऑटो' वरचा सब हळू आवाजात जागाच होत नाही. लोक म्हणतात सब मधेच झोपतो, खराब आहे. खराब नसतो हो, त्याला हाकच ऐकू येत नाही.

फेज शून्यावर ठेवलीय ती एकदा तपासा. फ्रंट आणि सब दोन्ही चालू ठेवून ८० हर्ट्झचा टोन लावा (फोनवर ॲप मिळतात), तुम्ही सोफ्यावर बसा, घरच्या कुणाला तरी सबमागचं बटण ० आणि १८० करायला सांगा. जिथे आवाज जास्त भरीव येतो ते ठेवायचं.

किती बेस पुरे याला माझं एक माप आहे. आपण नाशिकचे, ढोल आपल्याला कुणी शिकवायला नको. पथकाजवळ उभं राहिलं की आधी काठीचा फटका कानाला लागतो आणि मागून पोटात गुम्म. चांगल्या रेकॉर्डिंगचा ढोलाचा व्हिडिओ लावा. फटका हरवून नुसतं गुम्मच येत असेल तर सब जास्त झाला, ट्रिम दोन-तीन खाली. फटका येतोय पण पोटात काही नाही, तर दोन-तीन वर. मशीनने मोजलेल्यापेक्षा तीन डेसिबल वर बहुतेकांना आवडतं, मलाही आवडतं, त्यात लाजायचं काही नाही.

घूंऽऽ चं आता बघू, कारण यात लोक धोकादायक उद्योग करतात. आधी सबमधून आरसीए काढा. तरी आवाज चालूच, तर सबचा ॲम्प किंवा ट्रान्सफॉर्मर, वॉरंटीत द्या. काढल्यावर गेला तर तो वायरीतून येतोय, आपल्या लाइनचा ५० हर्ट्झ आणि त्याचे वरचे सूर. आता आरसीए परत लावा आणि सेटटॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची किंवा डिशची स्क्रूवाली वायर काढा. माझ्या स्वतःच्या घरात मी दोन दिवस या आवाजामागे होतो, तीन केबल बदलल्या, सब उघडला, बायकोने विचारलं दुसऱ्यांच्या घरी पण असंच करता का, आणि शेवटी ती स्क्रूवाली वायर काढली तर एकदम शांत. बाहेरून येणाऱ्या त्या वायरीचं अर्थिंग एक आणि घरातलं दुसरं, दोन्हींच्या मधून करंट फिरतो आणि सब तो इमानेइतबारे वाजवतो. त्या वायरीत लावायला छोटा कोॲक्स आयसोलेटर मिळतो, तो लावला की मिटतं. आरसीएमध्ये लावायचे स्वस्त आयसोलेटरही मिळतात पण त्यातून सगळ्यात खालचा बेस गळतो, मग सब घेतलाच कशाला.

तेवढ्याने गेलं नाही तर एचडीएमआय एकेक काढत जा, चार्जरला लावलेला लॅपटॉप सापडतो कधीकधी. टीव्ही, रिसीव्हर, सब तिन्ही एकाच बोर्डवर घ्या. आणि कुणीही, अगदी दुकानदारानेही सांगितलं तरी, थ्री पिनची जाडी पिन कापू नका किंवा टू पिनचं कन्व्हर्टर लावू नका. हमिंग जातं, खरंय, पण उद्या आत शॉर्ट झालं तर रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावणारा लहान मुलगा असतो. उलट वायरमनला बोलावून बोर्डाला अर्थिंग खरंच आलंय का बघून घ्या, जुन्या बिल्डिंगांमध्ये भोकं तीन असतात आणि तिसऱ्यात वायरच नसते, हे मी कितीदा पाहिलंय.

जागा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि गिऱ्हाईक सगळ्यात कमी देतं, कारण सब कुठे ठेवायचा ते शोकेस बनवतानाच ठरलेलं असतं. खोलीच्या लांबी-रुंदीप्रमाणे काही सूर फुगतात काही मरतात. तुमच्या पंधरा फुटांत साधारण ३७-३८ हर्ट्झ, बारा फुटांत ४७ च्या आसपास. सोफा लांबीच्या बरोबर मध्यावर असेल तर तो ३७ वाला सूर तिथे जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि सोफा भिंतीला चिकटवला तर तोच नको इतका येतो. सब कोपऱ्यात ठेवला की सगळेच सूर जोरात उठतात, म्हणून कोपऱ्यातला सब दणदणीत वाटतो पण बहुतेकदा एकसुरी असतो, गाणं कुठलंही लावा, बेस एकच.

यावर उपाय हास्यास्पद दिसतो पण याच्यासारखा दुसरा नाही. सब उचलून सोफ्यावर, तुम्ही जिथे बसता तिथे ठेवा. चालत्या बेसचं एखादं गाणं चालू ठेवा, ज्यात बेसचे सूर वरखाली फिरतात असं. आणि मग जिथे जिथे सब ठेवता येण्यासारखा आहे तिथे जमिनीलगत रांगत जाऊन कान लावा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, एकही फुगणार नाही, तिथे सब ठेवायचा. गंगापूर रोडला एक रिटायर्ड काका माझ्या मागोमाग रांगत होते, कोपऱ्यात म्हणाले इथे भारी, टीव्हीच्या डाव्या हाताला दोन फूट सरकल्यावर एकदम थांबले, "अरे इथे ते वाजवणाऱ्याची बोटं कळतायत." तीच जागा. जागा बदलली की माइक परत लावायचा, जुनं मोजमाप गेलं.

जुना सब. त्याच्या मागे फक्त दोन वायरी किंवा कंपनीचं विचित्र रंगीत प्लग आहे ना? म्हणजे पॅसिव्ह, त्यात ॲम्प नाही, त्याचा ॲम्प जुन्या डब्यात होता. सब आउटमधून येतो नुसता लाइन लेव्हलचा, म्हणजे अगदी बारीक, सिग्नल, त्याने तो कोन हलणार नाही. आणि हलत नाही म्हणून फ्रंटच्या स्पीकर टर्मिनलला जोडाल तर थांबा. सुरुवातीच्या दिवसांत मी हे केलंय, ६ ओहमच्या फ्रंटबरोबर ४ ओहमचा सब पॅरलल, म्हणजे रिसीव्हरला दिसले २.४ ओहम. दहा मिनिटं वाजलं, मी चहा घेतला, मग स्क्रीनवर 'प्रोटेक्ट' आणि नंतर तो चॅनेल उठलाच नाही. दुरुस्तीचे पैसे माझ्या खिशातून. वेगळा मोनो ॲम्प घेतलात तर चालेल तो सब, पण तेवढ्या पैशात मी म्हणेन थांबा आणि दुसरा ॲक्टिव्ह घ्या. हां, ॲक्टिव्ह सबवर जी स्पीकर वायरची इनपुट टर्मिनल असतात ती वेगळी, ती सब आउट नसलेल्या जुन्या स्टिरिओ ॲम्पसाठी, त्यांचा लोड ॲम्पवर येत नाही. तुम्हाला त्यांची गरज नाही.

राहिले खालचे काका. सबखाली जाड रबर किंवा दाट फोमचं पॅड टाका, स्लॅबमध्ये उतरणारी थरथर कमी होते, पण खरं सांगतो, हवेतून जाणारा बेस पॅडने थांबत नाही, स्लॅब स्वतःच पडद्यासारखा हलतो. रात्रीसाठी रिसीव्हरमध्ये नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंजचा पर्याय असतो, तो लावला की डायलॉग तेवढेच राहतात, स्फोट दबतात. आणि मी काय करतो, खालच्यांकडे जातो. वर मुलाला नेहमीचा सीन नेहमीच्या आवाजात लावायला सांगायचं, आपण काकांच्या बेडरूममध्ये उभं राहायचं, कानाला फोन, आणि एकेक डेसिबलने सबची ट्रिम उतरवायला लावायची, काका स्वतः "आता नाही येत" म्हणेपर्यंत. तो आकडा लिहून ठेवा, दहानंतर तोच. मागच्या वेळी मी असं केलं तेव्हा उणे सातवर आलो, आणि काकांनी मला तिथेच विचारलं की त्यांच्या टीव्हीला असं काही लावायचं तर किती खर्च येईल.